म्युच्युअल फंड घ्यायचाय? मग आधी शब्दांपासून लांब राहा

गुंतवणूक करायचं ठरवलंय ना, मग एकच पथ्य पाळा, शब्दांचे अर्थ शोधत बसायचं नाही. अर्थ कळले की प्रश्न पडतात आणि प्रश्न विचारले की एजंटसाहेब दुखावतात, दरवर्षी घरपोच येणारं कॅलेंडर बंद होतं ते वेगळंच.

एनएव्ही म्हणजे फंडाच्या एका युनिटचा, म्हणजे एका वाट्याचा भाव, आणि भाव मेथीच्या जुडीचा असो की फंडाचा, कमी तो चांगला. त्यामुळे ५०० एनएव्हीच्या जुन्या फंडाकडे ढुंकूनही बघू नका, १० रुपयेवाला एनएफओ, म्हणजे नवा कोरा फंड, आला की उड्या मारा. शेजारचा एखादा शहाणा पोरगा सांगेल की काका, १० हजाराचे इकडे १००० युनिट येतील न तिकडे २०, पण दोन्हीकडचे शेअर १० टक्के वाढले तर हातात ११ हजारच येणार, एनएव्हीवरून स्वस्त-महाग ठरत नाही. त्याला फक्त विचारा, १००० मोठे का २०?

कुठल्या फंडात पैसे आहेत असं कोणी विचारलं तर "एसआयपीत" म्हणायचं न पुढे जायचं. एसआयपी ही दर महिन्याला पैसे भरायची नुसती पद्धत आहे, फंड वेगळाच असतो, असल्या बारकाव्यात शिरलात तर लग्नाच्या पंगतीत तुमच्याशेजारी कोण बसेल? आणि मार्केट पडलं की ती एसआयपी लगेच बंद करा हं, स्वस्तात युनिट मिळायला लागले की मराठी माणसाने सावध व्हायलाच पाहिजे.

डिव्हिडंडवाला, म्हणजे मधेमधे खात्यात पैसे टाकणारा पर्याय तर सोडूच नका. आता बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२१ पासून त्याचं नाव बदलून आयडीसीडब्ल्यू केलंय, म्हणजे इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल, म्हणजे तुमचंच भांडवल तुम्हाला परत मिळत असू शकतं हे चक्क नावातच लिहून टाकलंय, पण एवढं लांबलचक नाव वाचतो कोण. खात्यात युनिटमागे ५ रुपये आले की पेढे वाटा, त्याच दिवशी एनएव्ही तेवढीच खाली येते ती बघू नका आणि त्या ५ रुपयांवर आपल्या स्लॅबप्रमाणे टॅक्स बसतो हे जुलैपर्यंत विसरून जा.

एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायचा खर्च? १ टक्का म्हणजे काय हो, किरकोळ! १० लाखांवर वर्षाला १० हजार, आणि ते रोज थोडे थोडे एनएव्हीतूनच कापले जातात, मोबाईलवर मेसेजसुद्धा येत नाही, इतकं सभ्य खातं दुसरं कुठलं नसेल. तोच फंड, तेच शेअर, तोच मॅनेजर आणि कमिशन नसलेला डायरेक्ट प्लॅन २०१३ पासून मिळतो म्हणे, पण मग एजंटच्या पोराची फी कोण भरणार, आपल्याला माणुसकी आहे की नाही!

परतावा सांगताना सीएजीआर नावाचा, दर वर्षाची सरासरी चक्रवाढ सांगणारा खवचट प्राणी मध्ये आणू नका. १० वर्षांत पैसे दुप्पट झाले तर "१०० टक्के मिळाले" असं छाती पुढे काढून सांगा, वर्षाला जेमतेम सव्वासात टक्के पडले हे बायकोलाही कळता कामा नये.

राहिला रिस्कोमीटर, म्हणजे फंडात जोखीम किती ते दाखवणारा काटा. त्यात सहा पायऱ्या असतात न बहुतेक इक्विटी, म्हणजे शेअरवाल्या फंडांचा काटा शेवटच्या "व्हेरी हाय"वर असतो. त्याचा अर्थ फंड मॅनेजर फार मन लावून काम करतोय एवढाच घ्यायचा आणि पोरीच्या पुढच्या वर्षीच्या लग्नाचे पैसे बिनधास्त स्मॉल कॅपमध्ये, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरवाल्या फंडात टाकायचे, हॉल मात्र बुक करू नका अजून.