पुण्याचे क्लब रेलिगेशननं बंद पडले नाहीत : कोथरूडकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

कोथरूडकर,

तुम्ही प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. इंग्लंडच्या फुटबॉल पिरॅमिडवरच्या, म्हणजे एकाखाली एक जोडलेल्या लीगांच्या उतरंडीवरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : प्रमोशन-रेलिगेशन (जिंकणारे वरच्या लीगमध्ये, तळाचे खालच्या लीगमध्ये) तिकडे शोभतं; आपल्याकडे खालच्या लीगमध्ये जायची टांगती तलवार असेल तर पैसा कोण घालणार? अमेरिकेत रेलिगेशन नाही, तरी लीग चालते. आणि आपल्या क्लबांना धड मैदान नाही, ते वर जाऊन करणार काय?

आधी पुण्याचंच बघू. पुणे एफसी २००९मध्ये दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये आला. २०१२-१३मध्ये तो चर्चिल ब्रदर्सच्या खालोखाल दुसरा होता. २०१४-१५नंतर तो संघ राहिला नाही. भारत एफसी तोच एक हंगाम खेळला, तळाला राहिला, पण त्याला नियमानुसार रेलिगेशनमधून सूट होती. डीएसके शिवाजियन्सनं दोन हंगाम काढले. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) होता, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या, रेलिगेशन नसलेल्या लीगमध्ये. चारही क्लब गेले आणि चौघांपैकी एकावरही रेलिगेशनची वेळ आली नव्हती. तुमच्या टांगत्या तलवारीचा या शहराच्या बाबतीत पुरावाच सापडत नाही.

पुणे सिटीची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. २०२३-२४मध्ये हैदराबाद तळाला राहिलं, तरी लीगमध्येच टिकलं. २०२५मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. पुण्याच्या बालेवाडी स्टेडियममध्ये ज्यांनी पाच वर्षं गळा फाडून आरडाओरडा केला, त्यांच्या हातात काय उरलं? मला राग येतो तो इथे.

आता विम्बल्डनचं उदाहरण घ्या. १९८८चा एफए कप जिंकलेला हा क्लब मालकांना लंडनबाहेर मिल्टन कीन्सला न्यायचा होता आणि मे २००२मध्ये तशी परवानगी मिळाली. पुण्यासारखीच गत. पण तिथल्या प्रेक्षकांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला. जून संपता संपता विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या गवतावर खेळाडूंची खुली निवड चाचणी झाली आणि दोनशेहून जास्त जण बूट घालून हजर झाले. संघ कंबाइन्ड काउंटीज लीग या स्थानिक लीगमध्ये उतरला. नऊ हंगामांत पाच प्रमोशन मिळवत, २०११मध्ये ल्यूटनला पेनल्टीवर हरवून तो फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या व्यावसायिक श्रेणींमध्ये पोचला. त्या लोकांची जिद्द मोठी होतीच, पण तशी जिद्द पुण्यातही आहे. फरक इतकाच, की त्यांनी जिथून सुरुवात केली त्या लीगमधून वर जायचा रस्ता नियमात लिहिलेला होता. तळाशी पाय टेकायला जागा असते, म्हणून क्लब मालकापेक्षा जास्त जगतो.

अमेरिकेचा दाखला तुमच्या बाजूनं पुरता लागू होत नाही. एमएलएस या तिथल्या मुख्य लीगनं २००१च्या हंगामानंतर दोन संघ बंद केले. त्यातला मायामी फ्यूजन त्याच हंगामात साखळीत पहिला आलेला संघ होता! आणि तिथल्याच यूएसएल या दुसऱ्या संघटनेच्या क्लबमालकांनी २०२५मध्ये प्रमोशन-रेलिगेशन आणायच्या बाजूनं मतदान केलं. पैसा घालणाऱ्यांनीच मागितलं, हे लक्षात घ्या.

मैदानाचा मुद्दा खरा आहे, पुण्यातल्या ढोबरवाडीच्या मैदानावर सामना पाहिलेला कुणीही तो नाकारणार नाही. पण पिरॅमिडमध्ये त्याची सोय असते. इंग्लंडमध्ये पाचव्या स्तराच्या विजेत्याला मैदान निकषात बसत नाही म्हणून वर जाऊ दिलं नाही, असं सलग तीन वर्षं झालं : १९९४ला किडरमिन्स्टर, १९९५ला मॅकल्सफील्ड, १९९६ला स्टीव्हनेज. तिन्ही क्लब पुढे फुटबॉल लीगमध्ये गेलेच. मॅकल्सफील्ड दोनच वर्षांत, स्टीव्हनेज २०१०मध्ये. वर जागा आहे हे ठाऊक असलं की स्टँड बांधायला पैसे उभे राहतात. वर काहीच नसेल तर ढोबरवाडीत कोण कशाला पायरी बांधेल?

आपल्याकडे वरचं टोक थोडं उघडलंय. पंजाब एफसी २०२३मध्ये आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये गेला, पुढच्या वर्षी मोहम्मेडन स्पोर्टिंग गेला. खाली आय-लीग २ आणि आय-लीग ३ आहेत. अडतं ते त्याच्याही खाली. कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम ओसंडून वाहतं, पण तिथली केएसए ही स्थानिक लीग जिंकली म्हणून आय-लीगच्या कुठल्याही स्तरात आपोआप जागा मिळत नाही. पुण्यात जिल्हा संघटनेच्या लीगमध्ये सुपर डिव्हिजनपासून खालपर्यंत श्रेणी आहेत, प्रमोशनही आहे. सुपर डिव्हिजन जिंकली की मात्र रस्ता धूसर होतो.

'मग पुण्यानं करायचं काय, नवा मालक शोधायचा?' असं तुम्ही शेवटी विचारलंय. माझं उत्तर नाही असं आहे. पाचवा मालक आला तरी तो पहिल्या चौघांसारखाच जाऊ शकतो. मागायचं ते राज्य संघटनेकडे : जिल्हा लीगचा विजेता राज्य लीगमध्ये आणि राज्य लीगचा विजेता आय-लीग ३मध्ये जाईल, मैदानाच्या आणि हिशेबाच्या अटी अमुक असतील, हे हंगाम सुरू होण्याआधी कागदावर जाहीर करा. सह्यांचं निवेदन मी तयार करतोय. पटलं तर पहिली सही तुमची घेईन.