पॉट्सव्हिलचं अजिंक्यपद 'चोरलं' गेलं का? १९२५ च्या गुणतक्त्याचा हिशेब

अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. तिच्या १९२५ च्या हंगामाबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा पट्ट्यातलं पॉट्सव्हिल हे छोटं गाव. तिथल्या मरून्स संघाने ६ डिसेंबरला शिकागोत जाऊन कार्डिनल्सना २१-७ असं हरवलं आणि अजिंक्यपद जिंकलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी नोटर डेम विद्यापीठाच्या नामांकित माजी खेळाडूंनाही हरवलं. लीगला ते खुपलं, म्हणून तिने पॉट्सव्हिलचं पद काढून घेतलं आणि शाळकरी पोरांच्या संघावर ५९-० असा विजय मिळवणाऱ्या कार्डिनल्सच्या पदरात टाकलं.

यातले सामने खरे आहेत, गुणसंख्याही खरी आहे. चूक आहे ती 'जिंकलं', 'काढून घेतलं' आणि 'पदरात टाकलं' या तीन शब्दांत. पॉट्सव्हिलवर अन्याय झालाच नाही, असं इथे म्हणायचं नाही. अन्याय झाला, पण तो वेगळ्या जागी झाला आणि या गोष्टीत नेमका तोच झाकला जातो.

'६ डिसेंबरचा सामना अजिंक्यपदाचा होता'

नव्हता. १९२५ मध्ये एनएफएलला अंतिम सामनाच नव्हता. दोन गटांच्या विजेत्यांमधला ठरलेला अंतिम सामना १९३३ पासून सुरू झाला. त्याआधी लीगच्या गुणतक्त्यावरून विजेता ठरायचा. त्या तक्त्याची रीत आजच्या वाचकाला विचित्र वाटेल, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

त्या वर्षी लीगमध्ये २० संघ होते. लीगकडून वेळापत्रक मिळत नसे. प्रत्येक मालक पत्र, तार नाहीतर फोन करून स्वतःच सामने ठरवायचा. कुणी चार-पाच सामने खेळायचा, कुणी वीस. लीगने फक्त हंगामाची शेवटची तारीख ठरवली होती, २० डिसेंबर. तोपर्यंत लीगमधल्या संघांशी झालेले सामने धरले जायचे. विजयांना विजय आणि पराभव यांच्या बेरजेने भागायचं, बरोबरीत सुटलेले सामने हिशेबातून सरळ वगळायचे. येणारा आकडा ज्याचा सर्वांत मोठा, तो विजेता.

त्यामुळे सर्वांत जास्त सामने जिंकणारा संघ पहिला येईलच असं नव्हतं. फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड यलो जॅकेट्सनी त्या वर्षी १३ सामने जिंकले, इतके दुसऱ्या कुणीच जिंकले नाहीत. पण ७ हरले. १३ ला २० ने भागलं की ०.६५० येतं, आणि तेवढ्यावर ते पहिल्या तीनांच्या जवळपासही पोचले नाहीत. डेट्रॉइट पँथर्सनी ८ च जिंकले, २ हरले, २ बरोबरीत सोडवले. त्यांचा आकडा ०.८००, आणि ते तिसरे.

आता ६ डिसेंबरची संध्याकाळ पाहू. शिकागोतल्या कॉमिस्की पार्कमधला सामना संपला तेव्हा पॉट्सव्हिलचे १० विजय आणि २ पराभव होते, म्हणजे ०.८३३. कार्डिनल्सचे ९ विजय, २ पराभव, १ बरोबरी, म्हणजे ०.८१८. पॉट्सव्हिल पुढे होतं, यात शंका नाही. पण हंगामाचे दोन आठवडे बाकी होते. त्या वेळच्या वृत्तपत्रांनी हा सामना अजिंक्यपदाचा म्हणून रंगवला आणि बहुतेक प्रेक्षकही तसंच समजून आले असणार. लीगच्या लेखी मात्र त्या विजयाचं वजन इतर कुठल्याही विजयाइतकंच होतं: तक्त्यात एकाची भर.

हाच प्रश्न वर्षभर आधीही आला होता. ७ डिसेंबर १९२४ ला शिकागो बेअर्सनी क्लीव्हलँड बुलडॉग्सना २३-० असं चिरडलं आणि आपण विजेते असा दावा केला. लीगने त्या हंगामाची अखेर ३० नोव्हेंबरला धरली होती. म्हणून तो सामना प्रदर्शनीय ठरला आणि ७ विजय, १ पराभव, १ बरोबरी असलेलं क्लीव्हलँड विजेतं राहिलं. शेवटची मोठी लढत जिंकणारा विजेता, ही समजूत लीगने तेव्हाच मोडीत काढली होती. १९२५ चा फरक इतकाच, की ६ डिसेंबर हंगामाच्या आत होता, म्हणून पॉट्सव्हिलचा विजय धरला गेला. त्याच न्यायाने त्यानंतरचे सामनेही धरले जाणार होते.

'कार्डिनल्सनी मागाहून सामने घुसडले'

सामने घाईने ठरवले, हे खरं. कार्डिनल्सचे मालक क्रिस ओब्रायन यांनी गुरुवार १० डिसेंबरला मिलवॉकी बॅजर्सशी आणि शनिवार १२ डिसेंबरला हॅमंड प्रोजशी सामना ठेवला. पहिला ५९-० असा जिंकला, दुसरा १३-०. रविवार धरून सात दिवसांत तीन सामने झाले. आणि तेव्हा संघात जास्तीत जास्त १६ खेळाडू ठेवता येत, बचाव आणि आक्रमण दोन्ही त्याच माणसांना करावं लागे.

पण अखेरच्या तारखेआधी सामना ठरवायला कुठलीच मनाई नव्हती. वेळापत्रक मालकांच्याच हातात होतं, तेव्हा असे सामने सर्रास होत. ओब्रायनना ते कशासाठी हवे होते, हेही समजण्यासारखं आहे. २६ नोव्हेंबरला कॉलेज फुटबॉलचा गाजलेला खेळाडू रेड ग्रेंज याने बेअर्सकडून पहिला व्यावसायिक सामना खेळला होता. समोर कार्डिनल्सच होते, सामना ०-० असा सुटला आणि सुमारे ३६ हजार लोक लोटले होते. ग्रेंजसह बेअर्स पुन्हा मैदानात आणायचे, म्हणजे तिकिटांचा गल्ला भरेल, असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी कार्डिनल्स तक्त्यात वर असायला हवे होते. पुढे ग्रेंज जायबंदी झाला आणि तो सामना झालाच नाही.

हॅमंडच्या सामन्यावर आक्षेप घ्यायला जागा नाही. तो दुबळा संघ होता, पण हंगामातला त्यांचा एकमेव विजय कार्डिनल्सवरच होता, १०-६ असा. मिलवॉकीची गोष्ट मात्र निराळी आहे.

'पद शाळकरी पोरांना हरवून मिळवलं'

या दाव्यात खरोखर दम आहे. मिलवॉकीचा हंगाम आटोपला होता, तोवरचे सगळे सामने ते हरले होते आणि खेळाडू पांगले होते. मालक अँब्रोज मॅकगर्क यांना आयत्या वेळी माणसं मिळेनात. तेव्हा कार्डिनल्सच्याच आर्ट फोल्झने शिकागोच्या एंगलवुड हायस्कूलमधली चार मुलं मिलवॉकीच्या बाजूने उतरवून दिली. प्रतिस्पर्ध्याचा संघ आपल्याच खेळाडूने भरायचा, तोही शाळेत शिकणाऱ्या मुलांनी, यापेक्षा उघड गैरप्रकार काय असणार?

लीगचे अध्यक्ष जो कार यांनी शिक्षा दिल्या. ओब्रायनना १,००० डॉलर दंड. मॅकगर्कना ५०० डॉलर दंड आणि ९० दिवसांत संघ विकण्याचा हुकूम. फोल्झवर आजन्म बंदी, जी पुढे उठवली गेली. मुलांबद्दल आपल्याला काही माहीत नव्हतं, असं ओब्रायनचं म्हणणं होतं. हा सामना नोंदीतून काढून टाकू, असंही कार म्हणाले.

तो काढला गेला नाही. पॉट्सव्हिलची खरी तक्रार इथे आहे, म्हणून आकडेमोड पूर्ण करून पाहू.

तक्ता जसा आहे तसा धरला, तर कार्डिनल्स ११ विजय, २ पराभव, म्हणजे ०.८४६. पॉट्सव्हिल १० आणि २, म्हणजे ०.८३३. मिलवॉकीचा सामना वगळला, की कार्डिनल्सही १० आणि २ वर येतात, ०.८३३. बरोबर तोच आकडा. म्हणजे हा सामना रद्द झाला असता तरी पॉट्सव्हिल एकट्याने पहिलं आलं नसतं. दोन संघ बरोबरीत राहिले असते. मग एकमेकांतला २१-७ हा निकाल पुढे करणं पॉट्सव्हिलला शक्य होतं आणि तो मुद्दा जड होता. पण जड मुद्दा असणं वेगळं आणि पद आपोआप मिळणं वेगळं. १९३२ मध्ये बेअर्स आणि पोर्ट्समथ असेच बरोबरीत आले, तेव्हा लीगने जादा सामना खेळवला.

आणखी एक हिशेब सांगायलाच हवा, कारण तो पॉट्सव्हिलच्या बाजूने जातो. १९७२ पासून एनएफएलमध्ये बरोबरीला अर्धा विजय आणि अर्धा पराभव धरतात. त्या रीतीने मिलवॉकी धरूनही कार्डिनल्स १४ पैकी साडेअकरा, म्हणजे ०.८२१, आणि पॉट्सव्हिल ०.८३३. आजच्या नियमाने पॉट्सव्हिल पुढे. पण नियम १९२५ चाच लावायला हवा. तेव्हा बरोबरी मोजत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरूनच मालक सामने ठरवत होते.

'नोटर डेमला हरवलं म्हणून शिक्षा झाली'

शिक्षा जिंकण्याची नव्हती, जागेची होती. १२ डिसेंबरला तोच सामना पॉट्सव्हिलने आपल्या मायनर्सव्हिलच्या मैदानावर खेळला असता, तर कुणी बोट उचललं नसतं. त्यांनी तो गावापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर फिलाडेल्फियाच्या शाइब पार्कमध्ये ठेवला, कारण मोठं मैदान म्हणजे मोठं उत्पन्न. फिलाडेल्फिया ही फ्रँकफर्डची राखीव हद्द होती आणि त्याच दिवशी फ्रँकफर्डचा आपल्या मैदानावर लीगचा सामना होता.

दिवसाचं महत्त्व इथे कळतं. फिलाडेल्फियात रविवारी खेळांना कायद्याने बंदी होती. फ्रँकफर्डला घरच्या मैदानावर शनिवारीच खेळावं लागे, आणि रविवारी दुसऱ्या गावी. त्यांचे वीस सामने भरले ते यामुळेच. कोळसा पट्ट्यात रविवारी खेळ चाले, म्हणून पॉट्सव्हिलला रविवार मोकळा होता. ज्या एका दिवशी फ्रँकफर्डचा गल्ला भरायचा, त्याच दिवशी, त्याच शहरात, शेजारच्या संघाने बडी नावं उतरवली. हद्दीचा नियम असतो तो नेमका याचसाठी.

कार यांनी आधी ताकीद दिली होती. पॉट्सव्हिलचे मालक डॉ. जॉन स्ट्रीगल यांचं म्हणणं होतं, की लीगच्या कार्यालयातून फोनवर होकार मिळाला होता. ते प्रामाणिकपणे तसं समजले असतील. पण लेखी परवानगी हातात नव्हती, फ्रँकफर्डची तक्रार मात्र लीगपुढे होती.

सामना सुरेख झाला, हे मान्य करायला हवं. पॉट्सव्हिलने टचडाउन केलं, त्याचे सहा गुण मिळाले, पण नंतरच्या जादा गुणाची किक चुकली आणि ते ७-६ असे मागेच राहिले. मग चार्ली बेरीने उशिरा फील्ड गोल मारला, तीन गुण मिळाले, ९-७. तक्त्यात याचा उपयोग शून्य, कारण नोटर डेमच्या माजी खेळाडूंचा संघ लीगमध्ये नव्हता. व्यावसायिक फुटबॉलला मान मिळाला तो याच विजयाने, असंही सांगतात. पण ६ डिसेंबरलाच न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर ग्रेंजला पाहायला सुमारे ७० हजार लोक आले होते.

शिक्षा होती ५०० डॉलर दंड आणि निलंबन. निलंबनामुळे प्रॉव्हिडन्स स्टीम रोलरशी ठरलेला सामना हातचा गेला. तोही हिशेबात घेऊ. प्रॉव्हिडन्सला हरवलं असतं तर पॉट्सव्हिल ११ आणि २, म्हणजे ०.८४६, कार्डिनल्सशी पुन्हा बरोबरी. एकट्याने पहिलं येण्यासाठी दोन्ही गोष्टी लागत होत्या: मिलवॉकीचा सामना रद्द आणि प्रॉव्हिडन्सवर विजय. त्या हंगामात प्रॉव्हिडन्सला त्यांनी एकदा हरवलं होतं आणि एकदा त्यांच्याकडून ६-० असे हरलेही होते.

म्हणून 'पद काढून घेतलं' हे चूक. हातात आलेलं पद गेलं नाही, ते मिळवण्याची संधी गेली.

'ओब्रायननेच पद नाकारलं, मग ते पॉट्सव्हिलचं'

फेब्रुवारी १९२६ मध्ये डेट्रॉइटला लीगची बैठक झाली तेव्हा ओब्रायननी पद घेतलं नाही. नुकताच दंड झालेल्या माणसाने दाखवलेला तो सभ्यपणा होता. पण पहिल्याने मान नाकारला म्हणून तो दुसऱ्याला द्यावा, असा नियम नव्हता. कार्डिनल्स या पदावर मोठ्याने हक्क सांगू लागले ते चार्ल्स बिडविल यांनी संघ विकत घेतल्यावर, १९३३ पासून. ही गोष्ट मात्र त्यांना शोभली नाही.

'लीगने कधी दखलच घेतली नाही'

दोनदा घेतली. १९६३ मध्ये पॉट्सव्हिलची मागणी १२ विरुद्ध २ मतांनी फेटाळली गेली. २००३ मध्ये पुन्हा चौकशी नको, असं मालकांनी ३० विरुद्ध २ मतांनी ठरवलं. पॉट्सव्हिलच्या बाजूची दोन मतं फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स या पेनसिल्व्हेनियाच्याच संघांची होती.

दोन्ही वेळा मागणी एकच होती: पद पॉट्सव्हिलला द्या. त्याऐवजी कार यांनी स्वतः सांगितलेली दुरुस्ती करा, मिलवॉकीचा सामना वगळा आणि दोन्ही संघ ०.८३३ वर बरोबरीत दाखवा, अशी मागणी केली असती तर ती नाकारायला लीगकडे फारसं कारण उरलं नसतं. कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या संग्रहालयात, पॉट्सव्हिलने अँथ्रासाइट कोळशातून कोरून घेतलेला फुटबॉल आहे, त्यावर १९२५ चे विजेते असं लिहिलेलं आहे. लीगच्या तक्त्यात कार्डिनल्सपुढे ११-२-१ आहे, आणि त्या अकरांत तो ५९-० अजूनही मोजलेला आहे.