साठ्यातली चित्रं विकता येत नाहीत

लंडनच्या नॅशनल गॅलरीने साठ्यातली, म्हणजे प्रदर्शनात न मांडलेली, काही चित्रं विकून डागडुजीचा खर्च भागवावा, असं एका लेखात सुचवलंय. कायद्यात ते बसत नाही. १९९२ च्या म्युझियम्स अँड गॅलरीज ॲक्टचं कलम ४ पाहा. टेट गॅलरी या दुसऱ्या कलासंग्रहालयाला निरुपयोगी झालेली, म्हणजे खराब झालेली किंवा कीड लागलेली कृती काढून टाकता येते. संग्रहाला न शोभणारीही, अभ्यासक व प्रेक्षकांचं नुकसान होत नसेल तर. नॅशनल गॅलरीला ही मुभाच नाही. तिला फक्त कलम ६ आहे: विक्री, भेट वा अदलाबदल, तीही याच कायद्याच्या परिशिष्ट ५ मध्ये नावं दिलेल्या संस्थांशीच. म्हणजे खुल्या लिलावाचा प्रश्नच येत नाही, आणि माझ्या मते हे अगदी योग्य आहे. अभिरुची पिढीगणिक बदलते, विकलेलं चित्र परत मिळत नाही.

खरा अपवाद २००९ च्या कायद्याचा. १९३३ ते १९४५ दरम्यान नाझी राजवटीत हिरावलेली कृती सल्लागार समितीची शिफारस आणि मंत्र्यांची मंजुरी मिळाल्यास वारसांना परत देता येते. त्याची दहा वर्षांची मुदत २०१९ मध्ये काढून टाकली, हे फार बरं झालं.

साठ्यातली चित्रं लोकांना दिसावीत ही लेखकाची तळमळ रास्तच आहे. त्यासाठी कलम ५ खाली ती उसनी देता येतात; मात्र चित्राची अवस्था, दुर्मिळता आणि संभाव्य धोके विश्वस्तांनी आधी तपासायचे असतात.