अ‍ॅव्हरेज काय देते?

गाडी घ्यायचं ठरलंय ना घरात? मग पहिली गोष्ट करा. 'आपल्याला ती कशाला हवी?' असं विचारणारं जे कुणी घरात असेल, त्याला आठवडाभर मामाच्या गावी पाठवून द्या. कारण त्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे. घर ते दुकान पावणेदोन किलोमीटर, शेत असलंच तर वीस, आणि वर्षातून एकदा सप्तशृंगगड. एवढ्याला स्कूटर आणि एसटी पुरते. पण लग्नाला स्कूटरवरून गेलं की मांडवात शिरेपर्यंत कुणी ओळख देत नाही, आणि उंच गाडीतून पाय खाली टेकवला की यजमान स्वतः दार धरायला धावतो. गाडीच्या बाकी कोणत्याही भागाची खात्री देता येत नाही, या एका फायद्याची देता येते.

पारख करायची विद्या आपल्या खान्देशात जुनीच आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. जाणता माणूस तिथे आधी दात पाहतो, मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्याला देवमण, म्हणजे शुभ मानलेला भोवरा, असलं की किंमत वाढते, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरा, असला तर अजून वाढते. घोडा पळतो कसा, हे सगळ्यात शेवटी. शोरूममध्येही हाच क्रम ठेवा. आधी अलॉय व्हील, मग स्क्रीन किती इंची, मग सनरूफ. सेल्समनने बॉनेट उघडलंच तर आत काळ्या प्लास्टिकचं एक झाकण दिसेल. त्याकडे बघून 'हं' म्हणायचं. हा 'हं' जरा लांबवलात की तुम्हाला गाडीतलं कळतं असा समज होतो, आणि फुकट मॅट मिळतात.

सनरूफ मात्र सोडू नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा डोक्यावर पत्र्याऐवजी काच असायलाच हवी. वर्षभर आतला पडदा ओढून ठेवायचा, एसी चारवर, आणि पाहुणे आले की बटण दाबून दाखवायचं. वरातीत पोरं त्यातून छातीपर्यंत बाहेर काढायची. भारत एनकॅप ही आपली स्वतःची क्रॅश चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली, आणि तुमच्या गाडीला पाच स्टार मिळालेत हे तुम्ही त्याच पोरांना उभ्या उभ्या सांगू शकता. सीटबेल्टचं 'टिंग टिंग' फार होत असेल तर बाजारात नुसतं बक्कल मिळतं, खाचेत खोचून ठेवलं की गाडी समजते तुम्ही बांधलाय. तुमचा मेव्हणा तिथूनच घेतो.

आता तुलना. ती इंटरनेटवर करू नका, भरीत पार्टीत करा. थंडीत यावल-रावेरच्या बाजूला कुणाच्या तरी शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला पडतात. बांधावर सात-आठ गाड्या ओळीने लागलेल्या असतात, वाऱ्याने सगळा धूर नेमका नव्या गाडीवर जात असतो, आणि वांगी सोलणारे हात काळे झाले की तोंडं मोकळी होतात. इथे प्रत्येकाचा एक पंथ आहे. टाटावाले नेक्सॉनपासून बोलायला लागतात. २०१८ च्या डिसेंबरात तिला ग्लोबल एनकॅप या परदेशी क्रॅश चाचणीचे पाच स्टार मिळाले तो दिवस त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो. महिंद्रावाल्यांचा मुद्दा असा की पार्ट पानटपरीवरसुद्धा मिळतो. मारुतीवाले अ‍ॅव्हरेज आणि रीसेल या दोनच शब्दांत अख्खी संध्याकाळ काढतात. क्रेटा-सेल्टोसवाले काही बोलत नाहीत, सीटमधून थंड हवा येते ती दाखवतात. आणि इनोव्हावाले? ते उशिरा येतात, बोलत तर नाहीतच, नुसते हसतात. २००० साली आलेल्या क्वालिसपासून हे हसू त्यांच्या घराण्यात चालत आलंय.

या मंडळींत सगळ्यात हळवा असतो गेलेल्या कंपनीचा मालक. शेवरलेची विक्री २०१७ ला थांबली. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं सांगितलं. पण टवेरा किंवा इकोस्पोर्टवाल्याच्या तोंडून एक वाकडा शब्द निघायचा नाही. माहेर नसलेल्या सुनेला जपावं तसा तो तिला जपतो. पार्ट कुठून आणतोस असं कधी विचारू नका. डोळ्यांत पाणी येईल, आणि तो धुराला नाव ठेवील.

पार्टीत एक वाक्य तुमच्या कानावर हमखास पडेल. पारोळ्याकडचे एक जिभाऊ ते दरवर्षी म्हणतात: "मन्ही गाडीले आठ वरीस व्हयनात भो, आजून पाना लागना नही."

आठ वर्षांत पाना लागला नाही! हे पाठच करा, कारण चारचाकी बाळगण्याचं सगळं शास्त्र यात आहे. मी एकदा जिभाऊंबरोबर चाळीसगावपर्यंत गेलो, वाटेत चहाला थांबलो तेव्हा हळूहळू हिशोब निघाला. क्लच प्लेट दोनदा बदलली होती. पण क्लच प्लेट झिजतेच, त्याला कुणी बिघाड म्हणतं का? टर्बो गेला होता, तो डिझेलच्या भेसळीने. एसीची कूलिंग कॉइल फुटली, तर उन्हाळाच तसा होता. पुढचे बुश, लिंक रॉड, टाय रॉड या बाबतीत बांधकाम खातं जबाबदार. आणि वायरिंग उंदरांनी कुरतडलं, आता उंदीर काही कंपनीने बसवून दिलेले नव्हते. सगळं वजा करत गेलं की शेवटी खरंच शून्य उरतं. शेजाऱ्याच्या गाडीचा हिशोब करताना मात्र वजाबाकी करायची नाही. त्याच्या वायपरचं रबर फाटलं तरी म्हणायचं, "कंपनीच फालतू आहे ओ."

(उंदरांवर मिस्त्रीने मला इलाज सांगितला होता: बॉनेटमध्ये तंबाखूची पुरचुंडी बांधा. बांधली. उंदीर गेले. आता गाडी सुरू केली की एसीतून गावच्या पारावरचा वास येतो, आणि आमच्या आजोबांना पहिल्यांदाच गाडी आवडली.)

किमतीबद्दल घासाघीस करायच्या आधी घरातला टेप घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचा नवा नियम आहे. लांबी ४ मीटरपर्यंत, आणि पेट्रोल इंजिन १२०० किंवा डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के; त्यापुढे ४० टक्के. आपली बोलेरो ३,९९५ मिलिमीटर आणि १,४९३ सीसी डिझेल, म्हणजे दोन्हीकडून नेमकी आत. पाच मिलिमीटर आणि सात सीसी! परीक्षेत पस्तीस मार्क पाडणाऱ्या आमच्या भाच्याला हे कौशल्य इतकं आवडलं की तो तीच घ्या म्हणून हटून बसला. उलट ब्रेझा लांबीत बसते, पण पेट्रोल इंजिन १,४६२ सीसी, म्हणून गेली चाळिसात. लोकांना तुम्ही एवढंच सांगायचं की आम्ही मोठी गाडी घेतली. किती मोठी, ते सरकार बघून घेईल.

आणि डिझेलच घ्या. मी घेतली. पेट्रोलपेक्षा दीड लाख जास्त मोजले, कारण 'डिझेलला अ‍ॅव्हरेज आहे'. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला, तेव्हापासून या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत एक गाळणी असते. डीपीएफ म्हणतात तिला. इंजिनातून निघणारी काजळी ती अडवते, आणि धूर पुरेसा तापला की ती काजळी आतल्या आत जळून जाते. धूर तापायला गाडी सलग पळावी लागते. हे मला शोरूममध्ये कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात मीही 'हं' म्हणालो होतो.

चौथ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला नेली. टॅब घेतलेल्या मुलाने रीडिंग पाहिलं आणि डॉक्टरच्या आवाजात विचारलं, "सर, गाडी चालवत नाही का तुम्ही?"

"चालवतो की. रोज. दुकानापर्यंत."

"मग बरोबर आहे."

त्याने सांगितलं, हायवेला काढा, साठच्या वर ठेवा, वीस मिनिटं पाय उचलू नका. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी आम्ही गाडीला फिरवायला नेतो. जळगाव ते भुसावळ आणि परत. पहिल्यांदा निघालो तेव्हा आई दारात होती. "कुठे चाललात रे एवढ्या सकाळी?" मी म्हणालो, "काजळी जाळायला." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तुझ्या बापाला डॉक्टरने चालायला सांगितलंय, त्याला नाही कुणी नेत." तेव्हापासून वडिलांनाही नेतो. ते मागे बसतात, चालत कुणीच नाही. डिझेलची काजळी जाळायला चार लिटर डिझेल लागतं, त्यावर भुसावळला नाश्त्याची शेवभाजी, आणि दिवा विझल्याचा आनंद. एवढा आनंद मला मुलाच्या दहावीच्या निकालाने दिला नव्हता.

भरीत पार्टीत यातलं काय सांगायचं? "दर रविवारी लाँग ड्राइव्हला जातो," एवढंच.

हप्त्यांचंही जाता जाता सांगतो. वॉरंटी ३६ महिन्यांची घ्या, कर्ज ८४ महिन्यांचं. उरलेले ४८ महिने निव्वळ श्रद्धेचे असतात. माझे सध्या तेच चालू आहेत, आणि त्याच काळात मी कन्नडच्या घाटात अडकलो.

रात्रीचे साडेनऊ. कुटुंब मागे, सासरे पुढे. तिसऱ्या रांगेत मेव्हणा, दोन बॅगा आणि पापडाचा डबा, तिघांचे गुडघे एकाच उंचीवर. वळणावर स्क्रीनवर संदेश आला की गाडी सुरक्षित ठिकाणी थांबवा. घाटात सुरक्षित ठिकाण कुठलं ते स्क्रीनने सांगितलं नाही. गाडी थांबली, सनरूफ तेवढं चालू होतं. सासऱ्यांनी ते उघडून आकाशाकडे पाहिलं आणि आपल्या कमांडर जीपची आठवण काढली, जिच्यात एकोणीस माणसं बसत आणि ड्रायव्हर अर्धा बाहेर असे. "पण पोचवायची," ते म्हणाले. मी ऐकलं नाही असं दाखवलं. शेवटी कांदे भरलेल्या एका जुन्या पिकअपने दोर बांधला.

दोराने ओढले जात असाल तर काय करावं, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, म्हणून लिहून ठेवतो. काचा वर घ्या. स्टिअरिंगवर एक हात ठेवा, दुसऱ्या हातात फोन कानाला. चेहरा असा, की पुढचा पिकअप तुमचाच आहे आणि तो फार जवळ चालतोय याचा तुम्हाला राग येतोय. गाव आलं की अंधाऱ्या गल्लीतून घ्या. दुसऱ्या दिवशी कुणी विचारलं, गाडी दिसत नाही, तर "सर्व्हिसिंगला दिली". सर्व्हिसिंग तीन आठवडे चाललं तर "टेफ्लॉन कोटिंग करतोय".

दुरुस्ती मात्र आपल्या गावात करू नका. मी भुसावळचं एक गॅरेज गाठलं, रेल्वेच्या बाजूचं, जिथे आमच्या गल्लीतलं कुणी येण्याची शक्यता नव्हती. सोळा लाखांच्या गाडीची विचारपूस करायला मी तीन आठवडे पॅसेंजरने जात होतो, खिडकीत रुमाल टाकून जागा धरून. मिस्त्री दरवेळी तेच सांगायचा: "सेन्सर सुरतहून यायचाय. माल निघालाय."

चौथ्या खेपेला आत शिरलो तर उलट्या ऑइलच्या डब्यावर, हातात चहाचा ग्लास घेऊन, आमच्या शेजारचे नाना.

नाना दुसऱ्या पंथाचे. गेली पाच वर्षं आम्ही गच्चीवरून एकमेकांच्या गाड्यांची कीव करत आलो. त्यांच्यामागे त्यांची गाडी जॅकवर चढलेली, खाली गोणपाटावर तिचा गिअरबॉक्स, बाजूला ताटात नटबोल्ट मांडलेले, सत्यनारायणाच्या पूजेसारखे.

"काय नाना, इकडे कुठे?"

"काही नाही. हवा चेक करायला आलो होतो." त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं. तिचं बॉनेट निघून भिंतीला टेकवलेलं होतं. "तुम्ही?"

"मी पण. हवाच."

गाडीखालून मिस्त्रीचा आवाज आला, "नाना, लेबर वेगळं पडेल हां, मागच्या वेळेसारखं नका करू." नाना चहात खोल पाहू लागले. पोराने मला ग्लास दिला. मीही माझ्या चहात पाहिलं. बराच वेळ हातोडीचा आवाज येत राहिला.

मग नानांनी घसा साफ केला. "बाकी, अ‍ॅव्हरेज काय देते तुमची?"

"अठरा," मी म्हणालो.

"आमची एकोणीस."

परतीची पॅसेंजर एकच होती. आम्ही वेगवेगळ्या डब्यांत चढलो.