'ग्लँडवर पैसे घालवू नका' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

वायरमन, पॅनलवाले आणि छोटे ठेकेदार यांच्या फोनवर केबल ग्लँडबद्दल एक मेसेज फिरतोय. पॅनलमध्ये, म्हणजे विजेच्या पेटीत, केबल शिरते तिथे तिला घट्ट धरणारा जोड म्हणजे ग्लँड. मजकूर थोडक्यात असा: केबल ग्लँड म्हणजे पॅनलच्या भोकातलं बूच. केबल किती स्क्वेअर एमएमची आहे ते बघून ग्लँड घ्या. पितळेचा असला की कुठेही चालतो. आर्मर (केबलमधलं धातूच्या तारांचं किंवा पट्ट्यांचं कवच) ग्लँडमध्ये अडकला की अर्थिंग आपोआप होतं. पाणी शिरेल असं वाटलं तर वरून सिलिकॉन मारा. आणि डबल कॉम्प्रेशन (केबलला दोन जागी आवळणारा ग्लँड) ही निव्वळ दुकानदाराची कमाई आहे.

लिहिणारा साइटवर काम केलेला माणूस असावा, कारण सगळंच चुकीचं नाही. म्हणून तर मेसेज पुढे पाठवला जातो.

पहिल्यांदा मापाचं बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. स्क्वेअर एमएम हा आतल्या तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कंडक्टरचा छेद. ग्लँड त्या कंडक्टरला शिवतसुद्धा नाही. तो पकडतो बाहेरची शीथ (प्लॅस्टिकचं आवरण), आर्मर आणि प्रकाराप्रमाणे आतली शीथ. २५ स्क्वेअर एमएमचीच केबल घेतली तरी दोन कोअर (आतल्या तारा), साडेतीन कोअर (चौथी तार कमी जाडीची), चार कोअर, इन्सुलेशन पीव्हीसी की एक्सएलपीई, आर्मर्ड की अनआर्मर्ड, प्रत्येकीची जाडी निराळी. त्यात कंपनीगणिक थोडा फरक पडतो तो वेगळाच. नुसतं 'पंचवीसचा ग्लँड द्या' म्हणणं म्हणजे माणसाचं वजन सांगून चप्पल मागण्यासारखं आहे. व्हर्नियर घ्यावा, बाहेरच्या शीथवर दोन-तीन जागी लावावा, मग शीथ सोलून आर्मरखालचा व्यास आणि आर्मरच्या तारेची जाडी मोजावी. ही तीन मापं हातात असली की उत्पादकाचा तक्ता उघडायचा. माप तक्त्यातल्या पल्ल्याच्या अगदी काठावर येत असेल तर शेजारचा साइज पल्ल्याच्या मध्यावर बसतो का तेही बघून घ्यावं.

आर्मर कसा आहे हे केबलवरच छापलेलं असतं, पण ती अक्षरं फारसं कुणी वाचत नाही. ए२एक्सडब्ल्यूवाय आणि ए२एक्सएफवाय यात फरक एका अक्षराचा. 'डब्ल्यू' म्हणजे गोल तारेचा आर्मर, 'एफ' म्हणजे चपट्या पट्टीचा. आपल्याकडच्या आयएस १५५४ आणि आयएस ७०९८ या मानकांप्रमाणे बनलेल्या केबलीत गोल तार १.४ मिलिमीटरपासून सुरू होते, पट्टी बहुतेक वेळा ०.८ ची. आता ग्लँडमध्ये आर्मर दाबून धरणाऱ्या, गोल तारेसाठी घडवलेल्या कोन आणि रिंगच्या मध्ये ही पट्टी घाला. पान्ह्याला नट टाईट लागतो, बाहेरून काम चोख दिसतं, आणि केबल जोरात ओढली की सरकते. केबलचं सगळं वजन मग टर्मिनलमधल्या लगांवर (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोकांवर) येतं.

आट्यांची गोष्ट तर मेसेजमध्ये आलीच नाही. जुन्या ईटी, म्हणजे इंचातल्या, पद्धतीचा पाऊण इंची आटा १९.०५ मिलिमीटरचा, इंचाला १६ आटे. एम २० चा आटा २० मिलिमीटरचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दीड मिलिमीटर. दिसायला जुळे भाऊ. पाऊण इंची ग्लँड एम २० च्या भोकात फिरतो, एखाद-दुसरा आटा धरतो, वरून लॉकनट बसला की आतलं कुणाला दिसत नाही. साध्या पॅनलवर याचा परिणाम ढिलेपणा आणि गळती. फ्लेमप्रूफ (आतला स्फोट आतच कोंडणाऱ्या) बॉक्सवर काय होतं ते पुढे येईलच.

'अर्थिंग आपोआप होतं' या वाक्याचा मात्र मला खरोखर राग येतो. मोटरच्या बॉडीत फेज उतरली तर आर्मर्ड केबलमध्ये फॉल्टचा करंट परतायचा एक मुख्य रस्ता म्हणजे आर्मर. आर्मरकडून ग्लँडकडे, ग्लँडकडून ग्लँड प्लेटकडे (ज्या पत्र्याच्या भोकात ग्लँड बसतो), तिथून अर्थ बारकडे (पॅनलमधली अर्थिंगची पट्टी). या साखळीत प्लेटला पावडर कोटिंग असतं, आणि पावडर कोटिंग म्हणजे इन्सुलेशन. एखाद्या चालू साइटवर, सप्लाय बंद करून, आतला लॉकनट काढून बघा. त्याच्या खाली रंगाचं कडं अखंड दिसलं, कुठेच धातू उघडा पडलेला नसला, तर तिथे जोड मिळतोय तो फार तर आट्यांच्या कडांवर, नशिबाने.

मल्टिमीटरचा बझर वाजतो ना, असं यावर सांगितलं जातं. बझर काही मिलिअँपिअरवर वाजतो. फॉल्टला शेकडो अँपिअर जातात. सुईच्या टोकाएवढा स्पर्श बझरला पुरतो, फॉल्टला पुरत नाही. तिथे ठिणग्या उडतात, ग्लँड तापतो, रोध वाढल्यामुळे करंट कमी पडतो आणि ब्रेकर ज्या क्षणी पडायला हवा त्या क्षणी पडत नाही. तोवर मोटरच्या बॉडीवर व्होल्टेज उभं. यावरचा इलाज स्वस्त आहे: ग्लँडच्या मापाचा अर्थ टॅग (ग्लँडभोवती बसणारं धातूचं कडं), त्याला बोल्ट, आणि तिथून थेट अर्थ बारपर्यंत वायर. लॉकनटाखाली दातेरी वॉशर घातला तर तो रंग खरवडून धातूपर्यंत पोचतो, पण टॅगची जागा त्याला देऊ नये. बॉक्स प्लॅस्टिकचा असेल तर टॅगशिवाय अर्थिंगचा रस्ताच नाही, ग्लँड सोन्याचा असला तरी.

इथेच सिंगल कोअर केबलचं सांगून टाकतो. एसी सप्लायच्या सिंगल कोअर केबली लोखंडी ग्लँड प्लेटमध्ये वेगवेगळ्या भोकांतून नेल्या की मधली प्लेट एडी करंटने (चुंबकीय क्षेत्रामुळे प्लेटमध्येच फिरणाऱ्या करंटने) तापते. ग्लँड पितळेचा असून उपयोग नाही, प्लेटही ॲल्युमिनियमची किंवा दुसऱ्या चुंबकीय नसलेल्या धातूची लागते.

आता पितळ. कोरड्या, स्वच्छ जागेत पितळेसारखा धातू नाही. जामनगरच्या कारखान्यांतून आलेले पितळी ग्लँड मुंबईच्या लोहार चाळीत खोक्यांनी मिळतात, आणि नीट मापाने घेतले तर वर्षानुवर्षं टिकतात. पण 'कुठेही' म्हटलं की अमोनिया आठवायचा. ब्रिटिश फौजेच्या हिंदुस्थानातल्या दारूगोळ्यात एक कोडं होतं. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना तडे जायचे. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, हवेतली ओल आणि धातू ओढताना त्यात राहिलेला ताण या तिघांनी मिळून ते घडत होतं. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. आवळलेला ग्लँड नटसुद्धा ताणाखालीच असतो. द्राक्ष-बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाचा प्लांट असेल, खताचा कारखाना असेल, गोठा असेल, तर तिथे पितळ घालताना दहादा विचार करावा. निकेलचा मुलामा थोडा आधार देतो, पण तो ओरखडला की खाली पितळच. अशा ठिकाणी स्टेनलेस स्टील किंवा चांगलं पॉलिअमाइड (नायलॉन).

कोकणात आणि गोव्यात त्रास वेगळा. खाऱ्या ओलसर हवेत ॲल्युमिनियमच्या बॉक्सला पितळेचा ग्लँड जोडला की दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजतं. आट्यांभोवती पांढरी भुकटी दिसायला लागते ती हीच. किनाऱ्यावर ग्लँड आणि बॉक्स दोन्ही ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे घ्यावेत, कारण ॲल्युमिनियमला स्टेनलेस जोडलं तरी तीच बॅटरी होते. छतावरच्या सोलरसाठी पांढरा-करडा साधा नायलॉन ग्लँड वापरला तर उन्हाने तो ठिसूळ होतो. यूव्ही-स्थिर काळा घ्यावा.

सिलिकॉनबद्दल. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि ते तांब्या-पितळेला खातं. म्हणजे ज्या ग्लँडला वाचवायला ते लावलं त्यालाच. शिवाय पॅनल दिवसा तापून हवा बाहेर टाकतं आणि रात्री गार होऊन आत ओढतं. सिलिकॉनची एक भेग पुरते, त्यातून ओल आत येते आणि आतच साचते. त्यापेक्षा केबल खालून आणा, बाहेर एक झोळ सोडा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, गरज असेल तिथे ब्रीदर ड्रेन (हवा खेळू देणारी आणि साचलेलं पाणी बाहेर सोडणारी फिटिंग) बसवा.

याला जोडून आणखी एक: आयपी म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण किती ते सांगणारा आकडा, आणि आयपी ६७ हा आयपी ६६ पेक्षा वरचढ असं बरेच जण धरून चालतात. ६६ म्हणजे जोरदार फवारा सोसणं, ६७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडणं. बुडालेलं सोसणारा ग्लँड फवारा सोसेलच असं नाही. डेअरीत, जिथे रोज प्रेशरच्या पाण्याने धुतात, तिथे लेबलवर ६६ लिहिलेलं हवं, किंवा दोन्ही आकडे.

पेट्रोल पंप, पेंट बूथ, सॉल्व्हंटचं गोदाम, इथे मेसेजमधलं 'कुठेही चालतो' सरळ धोक्याचं आहे. डबल कॉम्प्रेशन म्हणजे फ्लेमप्रूफ नव्हे. फ्लेमप्रूफ बॉक्समध्ये स्फोट झाला तर ज्वाळा बाहेर येऊ नये यासाठी सरळ आट्यांचे किमान ५ पूर्ण आटे धरलेले असावे लागतात. वरचा पाऊण इंची आणि एम २० चा घोळ इथे जिवावर बेततो. कोअरच्या मधे पोकळी असलेली केबल असेल तर ज्वाळा आणि वायू केबलच्या आतूनच पुढे सरकू शकतात. तिथे कंपाउंड (कोअरच्या मधली पोकळी बुजवून घट्ट होणारं मिश्रण) भरलेला बॅरिअर ग्लँड लागतो. पेट्रोलियमच्या जागांवर लावायच्या उपकरणांना मान्यता देणारी पेसो ही संस्था आपल्या नागपुरातच आहे. प्रमाणपत्राचा क्रमांक ग्लँडवर कोरलेला असतो, तो वाचून बिलाशी ताडून बघायला मिनिटभर लागतं.

राहिली दुकानदाराची कमाई. इथे मेसेजवाल्याचं अर्धं बरोबर आहे. सिंगल कॉम्प्रेशनमध्ये पकड एका जागी, डबलमध्ये आर्मरवर आणि बाहेरच्या शीथवर अशी दोन जागी, त्यामुळे बाहेरून येणारी ओल आर्मरपर्यंत पोचत नाही. सबस्टेशनच्या कोरड्या खोलीत, खालच्या ट्रेंचमधून पॅनलमध्ये येणाऱ्या केबलीला सिंगल पुरतो, आणि तिथे सरसकट डबल गळ्यात मारणारे दुकानदार आहेत. फीडर पिलर (उघड्यावरची वीज वाटपाची पेटी), पंपाचा स्टार्टर, टेरेस, कूलिंग टॉवर इथे मात्र डबलच लागतो. दोन्हीकडे रिकाम्या राहिलेल्या भोकांना स्टॉपिंग प्लग बसवावा, कारण आत शिरलेली एक पाल दोन फेजच्या बारवर आडवी झाली की ग्लँड सिंगल होता की डबल हे कुणी विचारत नाही.