एरर बदलला, अभिनंदन!

घरात जुना कॉम्प्युटर आहे असं चारचौघांत बोलू नये. बोललात की त्या चौघांतला एक कान टवकारतो आणि म्हणतो, "फेकू नका हं! लिनक्स टाका. पळेल!" (लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम.) पळण्याआधी उठून उभं राहावं लागतं, हा तपशील त्याच्या लेखी किरकोळ असतो.

आमच्याकडे हा सल्ला भाच्याने दिला. "मामा, सोप्पं आहे रे," म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला. ज्यांना सगळं सोपं वाटतं ती माणसं नेहमी फोनच्या पलीकडच्या टोकालाच का असतात, कोण जाणे.

कॉम्प्युटर म्हणजे पेन्टियम ४, रॅम १ जीबी, बायॉसवर, म्हणजे यंत्र चालू करताच सगळ्यांत आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामवर, साल २००१. मूळची हार्ड डिस्क केव्हाच वारली होती. तिच्या जागी कपाटात पडून असलेली, रुंद चपट्या केबलने जोडायची २५० जीबीची डिस्क बसवली. ही डिस्क लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

लिनक्स हा जुन्या यंत्रांचा वाली, अशी समजूत आहे. ती खोटी नाही, पण वाली हल्ली जरा निवडक झालाय. त्याचा जनक लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली हेलसिंकीत ज्या ३८६ प्रोसेसरवर हा उद्योग सुरू केला, त्याच ३८६ला २०१३च्या फेब्रुवारीत आलेल्या कर्नल ३.८ने (कर्नल म्हणजे लिनक्सचा सगळा कारभार हाकणारा मूळ प्रोग्राम) दरवाजा दाखवला. आपण काही हळवे नाही, असंही टोरवाल्ड्सने त्या वेळी लिहून ठेवलंय. जन्मघरालाच कुलूप लावणाऱ्याकडून माझ्या पेन्टियमने किती मायेची अपेक्षा करावी? माझ्या पेन्टियमसारख्या जुन्या, ३२ बिटांच्या प्रोसेसरांना तर एकेक डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एकेक तयार संच, रामराम ठोकत चाललंय. फेडोराने २०१९ साली ३१व्या आवृत्तीपासून ३२ बिटांचं कर्नल देणं थांबवलं, डेबियनच्या २०२५च्या १३व्या आवृत्तीत ३२ बिटांचा इन्स्टॉलर नाही. मग मी कुठलं डिस्ट्रो घेतलं? ते सांगणार नाही. सांगितलं की ऐकणाऱ्यांपैकी निम्मे "तेच कशाला घेतलंत?" म्हणतात, आणि उरलेले निम्मे आपसात भांडायला लागतात.

लिनक्स पेन ड्राइव्हवरून टाकायचा, तर यंत्राला आधी तिथून सुरू व्हायला सांगावं लागतं. म्हणून पहिला अडथळा बायॉसमध्ये शिरण्याचा. त्यासाठी सुरुवातीलाच एक ठरावीक बटण दाबावं लागतं. कुठे डिलीट, कुठे एफ २, कुठे एफ १०. कुठलं ते पडद्यावर लिहून येतं, पण जुना मॉनिटर जागा होईपर्यंत ते निघूनही गेलेलं असतं. म्हणून जाणकार माणूस वादात न पडता दोन्ही हातांनी सगळीच बटणं बडवतो. आत शिरलो, तर बायॉसने पेन ड्राइव्हबद्दल मला उलट प्रश्न केला: ही यूएसबी-एफडीडी आहे, यूएसबी-झिप आहे, की यूएसबी-एचडीडी? म्हणजे फ्लॉपी, झिप ड्राइव्ह की हार्ड डिस्क? झिप ड्राइव्ह १९९४ साली आला होता, त्याच्या एका डिस्कवर १०० एमबी मावायचे, आणि त्याचं तेव्हा कोण कौतुक होतं! माझ्या पेन ड्राइव्हमध्ये असे शेकडो झिप बसतील, पण त्याला आपली ओळख सांगायला जागाच नव्हती. मी तिन्ही उत्तरं देऊन पाहिली. तिन्ही नामंजूर. शेवटी लिनक्सची सीडी जाळली, म्हणजे लिहिली.

दुसरी गंमत बॅटरीची. मदरबोर्डवर नाण्याएवढी सीआर २०३२ असते, ती मेली की वीज गेल्यागेल्या घड्याळ मागे पळतं. आमचं थेट १ जानेवारी २००१ला जाऊन थांबायचं. लिनक्सला हे खपत नाही. तो डिस्क तपासतो आणि गंभीरपणे कळवतो की ही डिस्क शेवटची वापरली गेली ती वेळ भविष्यातली आहे. मी ती काल वापरली होती; पण कॉम्प्युटरच्या हिशेबाने काल यायला अजून वीसेक वर्षं होती. नवी बॅटरी घातली की हा प्रश्न मिटतो. सबंध प्रकरणात इतक्या सरळपणे मिटलेला हा एकच प्रश्न, म्हणून मुद्दाम नोंदवतोय.

इन्स्टॉलर मात्र सज्जन निघाला. डिस्क २५० जीबीची आहे हे त्याने बरोबर ओळखलं, सगळ्या डिस्कचं एकच पार्टिशन, म्हणजे एकच सलग विभाग, करू का असं नम्रपणे विचारलं, फाइली उतरवल्या आणि काम फत्ते झाल्याची बातमी दिली. आता सीडी काढा, रीस्टार्ट करा. केलं.

काळा पडदा. वर कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की कॉम्प्युटर एक तर सुरू होतो नाही तर होत नाही. तसं नसतं. सुरू होणं ही चार-पाच जणांची साखळी आहे आणि त्यातला कुणीही पुढच्याला नीटसा ओळखत नाही. बायॉस उठतो, हातपाय हलवून बघतो आणि डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधले, म्हणजे पहिल्या कप्प्यातले, ५१२ बाइट वाचतो. त्यातले ६४ पार्टिशनच्या तक्त्याचे, २ सहीचे. उरले ४४६. एवढ्या जागेत मावणाऱ्या प्रोग्रामने पुढचं सगळं जग उभं करायचं! देवनागरीतलं एकेक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे मराठीत लिहायचं तर त्या जागेत दीडशे चिन्हंसुद्धा बसणार नाहीत. तेवढ्यात मला साधी तक्रारही धड मांडता येत नाही. म्हणून तो बिचारा एकच काम करतो: शेजारच्या सेक्टरांत झोपलेल्या ग्रबच्या (ग्रब म्हणजे कर्नल शोधून सुरू करून देणारा प्रोग्राम) गाभ्याला हलवून उठवतो. गाभा ग्रबच्या बाकीच्या फाइली शोधतो, मग मेनू येतो, मेनूतून कर्नल उचललं जातं, कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाची तात्पुरती छावणी पडते, छावणीतून खऱ्या डिस्कचा शोध सुरू होतो, आणि मग कुठे ते मुखपृष्ठ दिसतं ज्याला आपण "कॉम्प्युटर सुरू झाला" म्हणतो.

आणि यातला प्रत्येक जण आपापल्या आवाजात मान टाकतो. "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" आलं, तर बायॉसने डिस्कवर कुणाला पाहिलंच नाही. "ग्रब रेस्क्यू" आलं, तर गाभा जागा झालाय पण बाकीचं कुटुंब सापडत नाही. "इनिटरॅमएफएस" असं कंसात येऊन थांबलं, तर कर्नल उठलंय आणि घर शोधतंय. "कर्नल पॅनिक" आलं, तर घर शोधण्याचाही नाद त्याने सोडलाय. हे एकदा वाचता यायला लागलं की माणूस बदलतो. यंत्र सुरू व्हावं ही इच्छा मागे पडते आणि निदान आज वेगळा एरर यावा, अशी प्रार्थना तो करू लागतो.

केबल काढून घट्ट बसवली आणि रेघेच्या जागी अक्षरं उमटली. मी ओरडलो, "आला! ग्रब रेस्क्यू आला!"

बायको हातातलं काम टाकून आली. "सुरू झाला?"

"नाही. पण आता वेगळ्या ठिकाणी बंद पडतोय."

तिने पडद्याकडे पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता परत गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की काही गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

भाच्याला फोन लावला. "मामा, सिक्युअर बूट बंद केलंस का?" ज्या यंत्राने नव्या कॉम्प्युटरांतली ही सुरक्षेची भानगड कधी ऐकलीच नाही त्यात ती बंद कुठून करणार? "मग रॅम खराब असेल." रात्रभर मेमटेस्ट चालवला. रॅम ठणठणीत, खराब झाली ती घरातल्यांची झोप. "मग तू मला एरर जसाच्या तसा वाचून दाखव." इथून पुढचा संवाद म्हणजे एका माणसाने फोनवरून दुसऱ्याचे डोळे वापरणं. ग्रब रेस्क्यूला चारच आज्ञा कळतात: एलएस, सेट, अनसेट आणि इन्समॉड. बाकी काहीही म्हणा, तो "अननोन कमांड" म्हणतो. माझ्या तोंडून आपसूक निघालेल्या काही आज्ञा टाइप केल्या असत्या तर त्यानेही हेच म्हटलं असतं. एलएस केलं तर डिस्क दिसली, पार्टिशन दिसलं. आत डोकावायला गेलो तर उत्तर आलं: अटेम्प्ट टु रीड ऑर राइट आउटसाइड ऑफ डिस्क एचडी-झिरो.

म्हणजे डिस्कच्या बाहेर वाचायचा प्रयत्न झालाय. बाहेर म्हणजे कुठे? मी टेबलाखालीसुद्धा पाहिलं.

"मामा, री-इन्स्टॉल कर." कॉम्प्युटरच्या जगात या सल्ल्याइतका आळशी सल्ला दुसरा नाही, आणि याच्याइतका अपमानास्पदही, कारण बरेचदा तो लागू पडतो. याही वेळी पडला. सगळं पुन्हा तस्संच केलं, एकही उत्तर बदललं नाही, आणि कॉम्प्युटर सुरू झाला! का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण न समजता मिळालेलं यश हे अपयशाहून वाईट, पण त्या संध्याकाळी तत्त्वज्ञान कुणाला सुचतंय?

मग अपडेट आलं. नवं कर्नल. रीस्टार्ट. या वेळी मेनू अगदी झोकात आला, मी एंटर दाबला, आणि पुन्हा तेच: डिस्कच्या बाहेर. त्याच्याखाली आणखी एक ओळ, की आधी कर्नल लोड करा. म्हणजे ज्याचं काम कर्नल लोड करणं, तोच मला सांगतोय की बाबा, आधी कर्नल लोड कर. आणि पुढे जाण्यासाठी कुठलंही बटण दाबा. कुठलंही दाबलं तरी मागेच जातो.

खरी जादू अशी की मेनूतल्या प्रगत पर्यायांत जाऊन जुनं कर्नल निवडलं की गाडी सुसाट. नवं निवडलं की डिस्कच्या बाहेर. एकच डिस्क, एकच फोल्डर, शेजारी शेजारी दोन फाइली. एक आत, दुसरी बाहेर. भाचा पहिल्यांदाच गप्प झाला. त्या शांततेचा आनंद मी मनमुराद घेतला, हे कबूल करायला हवं.

गुपित फुटलं ते पॉझ बटणाने. कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पेन्शनर असल्यासारखं बसलेलं ते बटण जुन्या कॉम्प्युटरवर सुरुवातीचा भर्रकन जाणारा पडदा गोठवून ठेवतं. सगळी बटणं बडवण्याच्या नादात त्याच्यावर बोट पडलं आणि पडदा थिजला. बायॉसने शोधलेल्या वस्तूंची यादी होती. प्रोसेसर बरोबर, रॅम बरोबर, हार्ड डिस्क: १३७ जीबी.

डिस्कवरच्या लेबलवर छापलेलं होतं २५०.

जुन्या पद्धतीत डिस्कवरच्या सेक्टरचा पत्ता २८ बिटांत लिहितात. म्हणजे पत्ते मिळून २६,८४,३५,४५६. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा. गुणाकार केला की येतात बरोबर १३७ जीबी आणि वर थोडी चिल्लर. रजिस्टरात घर क्रमांकासाठी ठरावीकच चौकटी छापल्या आहेत आणि वस्ती त्यापुढे वाढली आहे. कारकुनाच्या दृष्टीने पलीकडची घरं नाहीतच, असा मामला. ४८ बिटांचे पत्ते २००२च्या एटीए-६ या डिस्क जोडण्याच्या मानकात आले. माझा बायॉस २००१चा. थोडक्यात हुकलं बिचाऱ्याचं.

कर्नल एकदा जागं झालं की ते बायॉसला विचारत नाही, डिस्कशी थेट बोलतं. म्हणून इन्स्टॉलरला २५० दिसले. ग्रब मात्र बायॉसच्याच डोळ्यांनी बघतो. बूटच्या, म्हणजे सुरू होताना लागणाऱ्या, फाइली १३७च्या अलीकडे पडल्या तर सगळं सुरळीत, पलीकडे पडल्या तर त्या बायॉसच्या मते जगाबाहेर. आणि फाइल कुठे पडेल याचा नेम नाही, कारण ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइली मांडायची पद्धत सगळ्यांत वरच्या पातळीवरची फोल्डरं डिस्कभर विखरून ठेवते. २५०पैकी १३७! म्हणजे मी प्रत्येक इन्स्टॉलेशनला आणि प्रत्येक अपडेटला, अंगठ्याने नाणं उडवत होतो आणि नाणं किंचित माझ्या बाजूला झुकलेलं होतं. री-इन्स्टॉलने काम झालं ते असं. एरर अक्षरशः खरं बोलत होता. टेबलाखाली नव्हे, १३७च्या पलीकडे बघायचं होतं.

बायॉस अपडेट करता येतो असं कळलं. त्यासाठी फ्लॉपी लागते. तो विषय तिथेच संपला.

त्याहून सोपा उतारा होता: डिस्कच्या अगदी सुरुवातीला १ जीबीचं वेगळं पार्टिशन करायचं, त्यात फक्त बूटच्या फाइली ठेवायच्या, बाकी संसार मागे कितीही पसरू दे. बायॉसला जेवढं दिसतं तेवढ्यातच त्याच्या गरजेच्या वस्तू मांडल्या की तो कुरकुर करत नाही. केलं. मेनू आला, कर्नल लोड झालं, ओळीमागून ओळ धावायला लागली, आणि लॉगिनचा पडदा आला. अपडेट केलं, नवं कर्नल घेतलं, परत सुरू केलं. परत आला. मुद्दाम वीज घालवून पाहिली, तरी आला. दिवसभर मी तो बंद करत होतो आणि सुरू करत होतो.

संध्याकाळी बायको येऊन मागे उभी राहिली. पडद्यावर या वेळी इंग्रजी ओळी नव्हत्या, एक छान निळं चित्र होतं.

"झाला म्हणायचा एकदाचा," ती म्हणाली. "आता हा काय काय करतो?"

"सुरू होतो," मी म्हणालो.