लिनक्सने कार्ड जळत नाही, त्या मेसेजने लॅपटॉप बिघडतो

मंगळवारी रात्री साडेदहाला सांगलीहून ताईचा फोन आला. "अरे, पोरीच्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड जळालंय म्हणे. दुकानदार बोर्ड बदलायला बावीस हजार सांगतोय. देऊ का?" लॅपटॉप जेमतेम दीड वर्षाचा. जळालं म्हणून कोणी सांगितलं, तर भाचीच्या कॉलेज ग्रुपवर आलेल्या एका मेसेजने. त्यातले उपाय तिने करून पाहिले, गुण आला नाही म्हणून दुकान गाठलं, आणि दुकानदाराने लॅपटॉप न उघडताच तोच निकाल दिला.

हाच मेसेज माझ्याकडेही तीन ग्रुपमधून येऊन गेलाय. "लिनक्स टाकणाऱ्यांनो सावधान" अशी सुरुवात (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) आणि खाली सहा मुद्दे: (१) लिनक्स पंखा नीट चालवत नाही, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड जळतं. (२) चालू करताना स्क्रीन काळी राहिली तर कार्ड गेलं समजा. (३) तरीही वापरायचंच असेल तर ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये 'नोमोडसेट' कायमचं लिहून ठेवा, कटकट संपते. (४) ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, फक्त कंपनीच्या साईटवरून उतरवा. (५) सिक्युअर बूट (मशीन चालू होताना सॉफ्टवेअरवरची सही तपासणारी सुरक्षा) बंद करा. (६) एनव्हिडिया कंपनीचं कार्ड लिनक्सवर चालतच नाही.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण भाचीच्या लॅपटॉपची वाट त्याने लावली.

'नोमोडसेट' म्हणजे काय ते लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, स्वतःच्या दस्तऐवजात, पॅरामीटर्सच्या यादीत लिहिलेलं आहे. कोणीही उघडून वाचावं. हा शब्द दिला की ग्राफिक्सचे खरे ड्रायव्हर चढतच नाहीत. मशीन चालू होताना फर्मवेअरने, म्हणजे मशीनमध्येच बसवलेल्या सॉफ्टवेअरने, जे चित्र पडद्यावर मांडलेलं असतं तेवढंच वापरायला मिळतं. रिझोल्यूशन बदलता येत नाही, कार्डाकडून वेगाने चित्र काढून घेता येत नाही. आणि हे कशासाठी, तर बिघाड झाल्यावर कसंबसं आत शिरण्यासाठी आणि तपासणीसाठी, असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे ही कुबडी आहे. पाय मुरगळला म्हणून दोन दिवस घ्यायची. मेसेज सांगतो ती जन्मभर काखेत ठेवा.

आता भाचीच्या लॅपटॉपवर काय घडलं ते बघा. इंटेलचा प्रोसेसर, सोबत एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० कार्ड. तिने उबुंटू हे लिनक्स टाकलं. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काळी राहिली, कारण कर्नलमधला नूव्हो हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा ड्रायव्हर त्या कार्डावर अडकला. घाबरून तिने मेसेजप्रमाणे 'नोमोडसेट' फाइलमध्ये लिहून टाकलं. स्क्रीन आली, पोरगी खूश. पण ब्राइटनेसची बटणं मेली. कॉलेजच्या प्रोजेक्टरला जोडला तर काहीच दिसेना. ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये साधा ठोकळा फिरवायचा तरी अडखळत. आणि पंखा सतत घोंघावतोय, खालून हाताला चटका बसतोय.

व्हिडिओ कॉलवर मी तिला सेटिंग्जमधलं 'अबाउट' पान उघडायला लावलं. "मामा, ग्राफिक्सच्या पुढे एलएलव्हीएमपाइप असं काहीतरी लिहिलंय." झालं, निदान तिथेच संपलं. एलएलव्हीएमपाइप हे कुठलंही कार्ड नाही. कार्डाविना, निव्वळ प्रोसेसरकडून एकेक ठिपका रंगवून घेण्याची ती सोय आहे. स्क्रीनवरची एखादी विंडो सरकवली तरी सगळा भार प्रोसेसरवर, म्हणून तो तापत होता आणि म्हणून पंखा ओरडत होता. मेसेज म्हणतो लिनक्सने कार्ड तापतं. इथे कार्ड स्वस्थ बसलं होतं आणि उष्णता मेसेजच्याच उपायाने निर्माण केली होती! याच्यावर बावीस हजार घालवायला निघाले होते हे लोक. मला खरोखर संताप आला.

'नोमोडसेट' वापरायचीच वेळ आली तर ते एका खेपेपुरतं वापरा. लॅपटॉप चालू होताना एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणायचा, उबुंटूच्या ओळीवर 'ई' दाबायचं, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या लांब ओळीच्या शेवटी हा शब्द लिहायचा आणि एफ१० दाबायचं. तो बदल तेवढ्या एका बूटपुरता टिकतो. आत गेलात की खरा ड्रायव्हर बसवायचा आणि पुन्हा सरळ चालू करायचं.

भाचीने ड्रायव्हर बसवला नव्हता का? बसवला होता, उबुंटूच्या 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मधूनच, अगदी बरोबर. बसवताना त्याने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तोही तिने दिला. पण रीस्टार्ट केल्यावर एक निळी स्क्रीन येते, 'मोक मॅनेजमेंट' अशी. बटण दाबायला ती दहा सेकंद देते आणि नाही दाबलं तर पुढे निघून जाते. निळं बघून हिला वाटलं आणखी काही बिघडलं, तिने हातच लावला नाही. त्यामुळे ड्रायव्हरवरची सही ओळखणारी किल्ली नोंदवली गेली नाही आणि सिक्युअर बूटने ड्रायव्हर दारातच अडवला. टर्मिनलमधून हाताने चढवून पाहिला तर स्पष्ट उत्तर आलं की किल्ली नाकारली आहे. जळालेलं कार्ड असं उत्तर देत नाही.

आम्ही केलं ते एवढंच. ग्रबच्या फाइलमधून 'नोमोडसेट' पुसलं, ग्रब अपडेट केलं, किल्ली पुन्हा नोंदणीला लावली, रीस्टार्ट केलं. निळी स्क्रीन आल्यावर या वेळी तिने 'एनरोल मोक' निवडलं, पासवर्ड दिला. चाळीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा चार्जर शोधण्यात गेली. नंतर एनव्हिडियाच्या तपासणीच्या कमांडने कार्डाचं नाव आणि तापमान दाखवलं: ४७ अंश. प्रोजेक्टरही लागला.

पाचवा मुद्दा इथेच उरकतो. सिक्युअर बूट बंद केलं असतं तर ड्रायव्हर चढला असता, हे खरं. पण याच लॅपटॉपवर शेजारी विंडोज आहे आणि त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. अशा मशीनवर सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती कुठे ठेवलीय हे किती जणांना सांगता येईल? ताईच्या घरात तरी कोणालाच येत नव्हतं. दहा सेकंदांच्या निळ्या स्क्रीनने होणाऱ्या कामासाठी अख्खा डेटा पणाला लावायचा, असला सल्ला देणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता.

पहिला मुद्दा, पंखा आणि जळणं. कार्डाचं तापमान मर्यादेबाहेर गेलं तर वेग कमी करणं आणि त्याहून वाढलं तर बंद पडणं ही व्यवस्था कार्डातच असते, ती विंडोज की लिनक्स हे विचारत बसत नाही. नूव्होबद्दल तर उलटी तक्रार आहे. जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने सही केलेलं फर्मवेअर सक्तीचं केलं, त्यामुळे त्या काळातली कार्डं नूव्होवर चालू होतानाच्या कमी वेगावरच अडकून राहायची. रांगणारं कार्ड जळेल कसं? दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर वर आलंच.

चौथा. कंपनीच्या साईटवरची '.रन' फाइल. खुद्द एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबतच्या माहितीपत्रकात म्हटलंय की तुमच्या डिस्ट्रिब्युशनचं (म्हणजे उबुंटूसारख्या लिनक्सचं) स्वतःचं पॅकेज बाकीच्या सिस्टीमशी जास्त जुळवून घेऊ शकतं, ते वापरण्याचा विचार करा. '.रन'ने बसवलेला ड्रायव्हर डीकेएमएसकडे (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणाऱ्या सोयीकडे) नोंदवला नसेल तर पुढच्या कर्नल अपडेटनंतर पुन्हा काळोख, आणि पुन्हा कोणीतरी म्हणणार कार्ड गेलं.

सहाव्यात मात्र अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. एनव्हिडियाने लिनक्सवाल्यांना वर्षानुवर्षं छळलं. २०१२ साली फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्स याने भर कार्यक्रमात मधलं बोट दाखवून त्या कंपनीला शिवी घातली होती, ती उगाच नाही. पण मेसेज लिहिणारा तिथेच थांबलाय. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलमध्ये चालणारा भाग मुक्त परवान्याखाली खुला केला, ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी. कर्नलबाहेरचा भाग अजून बंदच आहे आणि जुन्या कार्डांचे हाल संपलेले नाहीत. पण 'चालतच नाही' हे धादांत खोटं आहे. आणि ज्याला ही कटकटच नको त्याने एएमडी कंपनीचं कार्ड घ्यावं. त्यांचा एएमडीजीपीयू ड्रायव्हर २०१५ पासून, कर्नल ४.२ पासून, कर्नलमध्येच आहे. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे गेम खेळण्याचं यंत्र त्याच्यावरच चालतं.

राहिला दुकानदार. याच लॅपटॉपवर विंडोज होतं. ते चालू करून कार्ड दिसतंय का एवढं पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं की कार्ड धडधाकट आहे. बुधवारी सकाळी मी ताईला तेच करायला लावलं, खात्रीसाठी. कार्ड तिथेही दिसलं. मग तिने बावीस हजारांचं कोटेशन फाडलं आणि भाचीने कॉलेजच्या ग्रुपवर त्या मेसेजखाली स्वतःच्या स्क्रीनचा फोटो टाकला, ४७ अंशांवाला.